धक्क्यावरची वायर जोडू नकोस

दादा,

बोटीवर आलास की धक्क्यावरची वायर जोडू नकोस. तिचा प्लग वितळून काळा पडलाय, म्हणून मी ती धक्क्याकडूनच काढून ठेवली आहे. आतल्या एकाही सॉकेटला वीज नाही. दिवे तेवढे बॅटरीवर लागतील.

सकाळपासून मेन स्विच पडत होता आणि बाबा तो पुन्हा पुन्हा वर करत होते. शेवटी प्लग काढायला गेले आणि हात भाजला. वर मलाच विचारलं, "अगं, असलं वायरिंग केलंय कुणी?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच की!" ते हसले नाहीत. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

त्यांना दवाखान्यात नेतेय. हाताचं मी सांगेन रे, पण बाकीचं डॉक्टरांना एकटीने सांगायचा धीर होत नाही. हे वाचलंस की तसाच तिकडे ये.

छोटी