चंदाबाईचं शून्य

लोहारा, यवतमाळ
मंगळवार

ती. विमलताईस कोकिळाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, व्यायाम चालू आहेत आणि 'सर्व ठीक', असं तू लिहिलंस. मीही इथे खुशाल आहे (गुडघ्यांसह). पण तुझ्या 'सर्व ठीक'वर माझा विश्वास नाही. का नाही, ते नीट सांगते.

आमच्या वरच्या खोलीत अर्पिता नावाची फिजिओथेरपीची विद्यार्थिनी भाड्यानं राहते. गुडघेदुखीवर कोणता व्यायाम अधिक गुणकारी, हा तिच्या अभ्यासाचा विषय. मोहल्ल्यातल्या चोवीस बायका घेतल्या. बंद पाकिटं वाटून निम्म्यांना लाल रबरी पट्ट्याचा नवा व्यायाम दिला, निम्म्यांना नेहमीचा. कुणाला काय मिळावं हे कुणाच्या मर्जीवर नको, म्हणून पाकिटं. तपासायला सुरभी नावाची दुसरी मुलगी येते. तिला कोण कोणत्या गटातली हे कळू द्यायचं नाही, नाहीतर नजर आपोआप नव्या व्यायामाकडे झुकते. मला घरमालकीण म्हणून अभ्यासात घेतलं नाही. योग्यच केलं. मात्र हॉल माझा, म्हणून शिस्तही माझी. (बत्तीस वर्षं वर्गात मुलं गप्प बसवली; या चोवीस जणी बसल्या नाहीत.)

तपासणीला आमची शेजारीण चंदाबाई लाल पट्टा कमरेला खोचूनच आली. मी डोळे वटारले तर म्हणते, "हरवला तं तुम्हीच बोलसान ना, बाई!" सुरभी आत यायच्या आत मी तो माझ्या पदराखाली घेतला. पुढे खुर्चीतून उठताना चंदाबाईनं दोनदा "अवं माय" केलं, आणि दुखणं शून्य ते दहात किती, असं सुरभीनं विचारल्यावर हसून सांगितलं, "शून्य." तिच्यामागून सगळ्या शून्य नाहीतर एक. दोघींनी तर सुरभीसाठी चिवडाही आणला होता. बाहेर मी चंदाबाईला धरलं, "खोटं कशाला सांगितलं?"

"अवो बाई, लेकरू एवढ्या उन्हात आपल्यासाठी येऊन राह्यलं. त्याले तोंडावर दुखते म्हनू काय? बरं दिसते का ते?"

अर्पिता रडकुंडीला आली. सगळ्याच बऱ्या, तर कोणता व्यायाम चांगला म्हणायचा? तिचं वर्ष पणाला लागलेलं. मी बायकांना बसवून पूर्ण तासभर बोलले. तुमच्या खोट्या शून्यामुळे उद्या दुसऱ्या एखादीला चुकीचा व्यायाम मिळेल, असं खडसावलं. परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नऊ सांगितलं. त्यांच्यातल्या कौसल्यानं तर दहा सांगितलं (सकाळीच ती दह्याचं भांडं घेऊन अर्पिताच्या खोलीपर्यंत दोन जिने चढली होती). "कमी सांगतलं तं तुम्ही रागवसान म्हून," हे तिचं कारण.

अर्पिता हळूच म्हणाली, "काकू, आधी या बायका सुरभीला जपत होत्या. आता तुम्हाला घाबरतात. तुम्ही हॉलमध्ये थांबू नका."

माझ्याच हॉलमधून मला बाहेर! मी स्वयंपाकघरात बसून तूर निवडली. आत प्रत्येकीनं पडद्याआड कागदावरच्या रेघेवर खूण केली आणि घडी घालून कुलपाच्या पेटीत टाकली. खुणा निघाल्या दोनपासून आठपर्यंत. बिघडलेले दोन्ही दिवस अर्पितानं लपवले नाहीत, वहीत कारणासह लिहिले. (कारणात माझं नाव नाही, 'हॉलमधील एक व्यक्ती' असं आहे.) आता ती गुणगुणत जिने चढते. कोणता व्यायाम सरस ठरला ते अजून तिला ठाऊक नाही, तरी पोरगी खूश आहे. मला हे आवडलं.

प्रकृतीस जप. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
कोकिळा

ता. क. : सोबत रेघ आखलेला कागद आहे आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट. डावीकडे शून्य, उजवीकडे दहा. सुनेसमोर नको, दार लावून एकटीनं खूण कर आणि स्वतः चिकटव. पाचाच्या पुढे असेल तर मी तुझ्याकडे ढाणकीला येते, महिनाभर राहीन.

आणखी एक : वर 'गुडघ्यांसह' लिहिलं ते तुला बरं वाटावं म्हणून. माझी खूण सातावर आहे. तरी येईन. बसमध्ये बसूनच यायचं असतं.