सातवी कडी

उचगाव, ४ नोव्हेंबर १९७४

चि. सिकंदर यास रशिदाआपाचा सलाम व दुवा.

वि. वि. अब्बांची डावी बाजू अजून हलत नाही, बोलणंही अडखळतं. तरी स्वस्थ पडून राहतील तर ते लालासाब कसले. शाहूपुरीचं त्यांचं काठ्यांचं दुकान बंद आहे, म्हणून गळाची एक काठी घरी आणवून घेतली. काठी मांडीवर, दोरा दातात, आणि एका हातानं काठी फिरवत तिच्यावर गळाची दोरी ओवायच्या कड्या दोऱ्यानं बांधायच्या. सहा झाल्या. सातवी, शेंड्याजवळची, बांधली. पण तिथून दोन दोरे लोंबतात, एक लाल, एक पांढरा. लाल टोक कपड्याच्या चिमट्यात अडकवलंय. त्याकडे बोट करतात आणि तुझं नाव घेतात. मला काही कळत नाही. शिवाय पसारा मला सहन होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

चार वर्षं झाली. कागलच्या सयाजीरावांसारख्या जुन्या गिऱ्हाईकासमोर त्यांनी तू बांधलेली काठी गुडघ्यावर मोडली, हे चुकलंच. पण तू दोऱ्याचं टोक वार्निशनं चिकटवून दिलं होतंस, हेही खरं. रुसवा पुरे. डॉक्टरांनी फार दिवस सांगितलेले नाहीत. ये.

तुझी आपा,
रशिदा

पिंपरी, ८ नोव्हेंबर १९७४

ती. रशिदाआपास सिकंदरचा सलाम.

वि. वि. पत्र वाचताना बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. गुण किती दिलेस, तेही लिहायचं होतंस.

आपा, पांढऱ्या दोऱ्याला हात लावू नकोस. शेवटच्या आठ वेढ्यांखाली त्याचा फासा दडवलेला असतो. लाल टोक त्या फाशात ओवायचं आणि पांढरा ओढायचा, की लाल टोक वेढ्यांखाली जाऊन बसतं. मग उरलेलं पात्यानं कापायचं आणि वर वार्निश. गाठ नाही, चिकटवाचिकटवी नाही. एका हातानं वेढे दाबून दुसऱ्यानं ओढावं लागतं. अब्बांनी तेवढंच माझ्यासाठी ठेवलंय.

त्या वेळी मी घाईत चिकटवलं होतं. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला लगेच लागलं. आता घाई नाही. रजा मिळाली, गुरुवारी पोचतो. त्यांना सांग, सिकंदर दोरा ओढायला येतोय.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

सिकंदर

उचगाव, २५ नोव्हेंबर १९७४

चि. सिकंदर यास सलाम.

दोन दिवस तू उशाशी बसलास आणि अब्बांनी भिंतीकडची मान तुझ्याकडे वळवली नाही. का, म्हणून मला दोनदा विचारलंस. मी आजाराचं कारण दिलं. ते खोटं होतं. काठी दुकानात आहे असं मी सांगितलं, तेही खोटं. ती माझ्या कपाटामागे होती.

तू येण्याआधीच्या सोमवारी सयाजीराव भेटायला येणार होते, म्हणून मी खोली आवरली. पांढरा दोरा केर समजून ओढला. सहज निघून आला. चिमटा काढला तसे लाल वेढे सुटू लागले. घाबरून ते दाबले आणि टोक वार्निशनं चिकटवलं. दिसायला नीटनेटकं झालं.

संध्याकाळी अब्बांनी काठी मागितली. कडीवरून नख फिरवलं आणि थांबले. मग आजारपणात बोलले नव्हते इतकं स्पष्ट विचारलं, "सिकंदर येऊन गेला व्हय?"

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. मी हो म्हटलं. त्यांनी काठी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. ते वाचल्यावर मला कळलं, मी काय केलं. शनिवारी ते गेले, तोवर चार दिवस हातात होते. ‘चिकटवलं ते मी’, एवढं एक वाक्य पुरे होतं. तीस वर्षं शाळेत मुलांना चूक कबूल करायला लावली. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.

काठी आता दाराशी उभी केली आहे. येशील तेव्हा सातवी कडी सोडव आणि नव्यानं बांध. बाकीच्या सहा त्यांच्या हातच्या आहेत. येणार नसलास, तर तसं लिही. मी काठी अशीच ठेवीन.

पत्राच्या शेवटी माया मागायची रीत आहे. ती ओळ या वेळी लिहीत नाही.

रशिदा