कुर्रोच्या टोळक्यात माझी निवड

१४ जानेवारी
कादिसमध्ये येऊन चार दिवस झाले. या सेमिस्टरचा संकल्प: इंग्रजी बंद. आमच्या कॉलेजच्या बाकीच्या अमेरिकनांबरोबर बसणंही बंद. ते स्पेनमध्ये फोटो काढायला आलेत, मी इथला व्हायला आलोय. कार्निवलपर्यंत मी तोंड उघडलं तरी हा मिनेसोटाचा आहे, असं कुणाला कळता कामा नये.
घरमालकीण मिलाग्रोसबाई शिवणकाम करतात. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, पोरा, सँडल घातलीस ती घातलीस, वर मोजे कशाला? मी त्यांना त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. बाई पुन्हा शिवायला बसल्या. पटलं असावं.

१७ जानेवारी
दुपारी जेवायला बाईंचा भाऊ कुर्रो आला होता. मार्केटात मासे विकतो, पण खरी ओळख म्हणजे चिरिगोताचा म्होरक्या. बारा जणांचं टोळकं, सगळ्यांचं एकच सोंग, आणि कार्निवलात रस्त्यावर उभं राहून कुणाची ना कुणाची टर उडवणारी गाणी. गाणी हेच रचतात.
मी म्हणालो, तुम्हा कादिसच्या लोकांना आपल्याकडे केवढी संस्कृती आहे ते कळतच नाही. कुर्रोने घास तसाच हातात धरला. म्हणाला, भावा, परत एकदा बोल बरं. मी परत बोललो. म्हणाला, उद्यापासून तालमीला ये.
पहिल्याच आठवड्यात निवड. बाकीचे अमेरिकन अजून बसचा पास काढतायत.

२३ जानेवारी
तालीम मार्केटमागच्या गोदामात होते. माशांचा वास येतो, पण मी नाक दाबत नाही. मी शिरलो की गाणं थांबतं. मी शाळेच्या गायकवृंदात होतो हे कुर्रोने सांगितलं असणार, त्यामुळे लाजतात बिचारे.
मला मध्ये खोक्यावर बसवून बोलायला लावतात. आज टोळक्यातला पेरीको न्हावी म्हणाला, तू कॉफी कशी मागतोस ते करून दाखव. मग चालून दाखव. मी पुढे आणि तो मागे, असे आम्ही गोदामभर फिरलो. प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी शिकायचंय. माझ्या वाट्याचं गाणं मात्र अजून मिळालं नाही.

३० जानेवारी
प्रोग्रॅमच्या प्रमुख डॉ. हॅवरकँप यांनी बोलावलं होतं. म्हणाल्या, व्याकरणाच्या तासाला तुझा पत्ता नाही, सेमिस्टर वाया जाईल. मी म्हणालो, मी चिरिगोतात मुख्य गायक आहे. त्यांनी डायरी उघडली. मग म्हणाल्या, ठीक आहे, कार्निवलच्या पहिल्या रविवारी मी स्वतः ऐकायला येते. गायलास तर तो तुझा प्रोजेक्ट. नाही गायलास तर बॅग भर.
मुख्य गायक हा शब्द तोंडातून गेला खरा. पण तसं होणारच आहे, मी फक्त आधी सांगितलं. घरीही तेच कळवलं.

३ फेब्रुवारी
बाबांनी दोघांची तिकिटं काढली. आईने शेजारच्या दोन घरांत सांगितलं.

६ फेब्रुवारी
कुर्रोला मासे कापताना गाठलं. सोंग कसलं, ते विचारलं. म्हणाला, सोंग आधी फुटलं की कार्निवल मेला, आमच्या बायकांनासुद्धा सांगत नाही. मी म्हणालो, मग मी नेमकं गायचं काय? त्याने सुरी खाली ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला. खवल्यांसकट. म्हणाला, भावा, तुझ्याशिवाय हे गाणंच नाही.
माझ्या रेनकोटला वास लागलाय. लागू दे.

१२ फेब्रुवारी
रेनकोट गायब. पाण्याची स्टीलची बाटलीसुद्धा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मापाला नेलाय रे. म्हणजे माझा पोशाख शिवला जातोय. उगाच काळजी करत होतो. दाराच्या फटीतून निळ्या कापडाचा ढीग दिसला. खलाशी असणार, किंवा समुद्र. बाईंनी दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी
पूर्वेचा वारा सुटलाय, सगळं गाव चिडचिडं झालंय. मीसुद्धा वाऱ्यामुळेच. जेवण जात नाही तेही वाऱ्यामुळे.
अजून एक ओळही मिळालेली नाही. बाथरूममध्ये जुनी गाणी घोटतोय. शेजाऱ्याने भिंतीवर थाप मारली.
शेवटी बाईंना विचारलं, मला काम नसेलच तर? बाईंनी शिलाई मशीन थांबवलं. म्हणाल्या, पोरा, तू त्या दिवशी फक्त ये, आणि रोजचेच कपडे घाल. मग न मागता आमटी वाढली. वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. वाऱ्यामुळे.

१ मार्च
आईबाबा पोचले. हॉटेलात मी ऑर्डर दिली, वेटरने इंग्रजीत उत्तर दिलं. नवीन असेल. आई म्हणाली, तू किती रोडावलास. गायकाचं तसंच असतं, असं सांगितलं.
बाईंनी रेनकोट धुऊन परत दिला. नवा पोशाख उद्या ऐनवेळी देणार बहुतेक.

२ मार्च
पोस्टाच्या पायऱ्या. समोर तुफान गर्दी. पहिल्या रांगेत आई, बाबा, डॉ. हॅवरकँप. कुर्रोने मला पायऱ्यांच्या कडेला उभं केलं. म्हणाला, हाक मारली की ये.
मग ते आले. निळे रेनकोट. सँडल, आत मोजे. कमरेला स्टीलची बाटली. बाराच्या बारा मी. पेरीको तर चाललासुद्धा माझ्यासारखा.
गाणं असं, की गुरुवारी हा आमच्या गावात उतरला आणि शुक्रवारी आम्हाला आमचंच गाव समजावून सांगू लागला. तुम्हाला कळतच नाही, तुमच्याकडे केवढी संस्कृती आहे, हे धृपद. लोक एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. डॉ. हॅवरकँप डोळे पुसत होत्या. आई टाळ्या वाजवत ओरडली, किती गोड, सगळ्यांनी तुझ्यासारखाच रेनकोट घेतलाय. माझे कान तापले. पळून जावंसं वाटलं. मिलाग्रोसबाई गर्दीतून माझ्याकडेच बघत होत्या.
कुर्रोने हाक मारली. धृपदाची शेवटची ओळ तुझी, म्हणाला. गेलो. म्हटली. लोक हसले, पण बेताचंच. पेरीकोला जास्त हसले होते.
खाली उतरल्यावर डॉ. हॅवरकँप म्हणाल्या, गायलास, प्रोजेक्ट पास. सोमवारपासून व्याकरणाच्या तासाला बस.
मग समुद्री चाच्याच्या वेषातल्या एका आजीबाईंनी माझा गाल धरला. म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस, पण सगळ्यांत तूच कच्चा. अमेरिकनाचं बोलणं फार ओढूनताणून करतोस. खरे अमेरिकन इतकं वाईट बोलत नाहीत. कुठल्या गल्लीतला रे तू?
आईने विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हणालो, त्यांना मी इथलाच वाटलो. आईला फार आनंद झाला. बाकीचं मी तिला सांगितलं नाही.