दाजींच्या गोळ्या आणि गोठलेली वाईन

प्रिय गुंड्या,

तुझा निरोप मिळाला. यंदाही उन्हाळ्यात येणं जमणार नाही म्हणतोस. गेल्या वर्षी बेकरीतली नोकरी नवी होती म्हणून रजा नव्हती, यंदा बेकरीतला जुना माणूस सोडून गेला म्हणून रजा नाही. पुढच्या वर्षी भट्टीला ताप येईल. मी वाद घालत नाही. लहानपणापासून थाप मारताना तू नको इतका तपशील देतोस, आणि त्या तपशिलावरूनच मला कळतं, एवढंच नमूद करते. फोनवर या विषयाला हात घातला की तुला नेमकं कोणीतरी हाक मारतं. म्हणून लिहायला बसले आहे. कागदाला मध्येच 'ताई, ठेवतो हं' म्हणता येत नाही. शेवटपर्यंत वाच, कारण मूळ मुद्दा शेवटी आहे.

इकडे ऊन मी म्हणतंय. गच्चीवर सूर्य मावळल्यावरसुद्धा अनवाणी पाऊल ठेववत नाही. बादल्या ओतल्या की फरशी चर्र करते, मग चटया पडतात. तुला ठाऊकच आहे सगळं. गेल्या वर्षी तू नव्हतास तेव्हा रविवारी लोक सवयीनं जमले, पण मी सरबताचा जग ठेवल्यावर सगळ्यांचे चेहरे असे झाले, की जणू नाटकाची तिकिटं काढून भाषणाला येऊन बसलेत. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तर जिना चढल्याचा दम खाली बसायच्या आत म्हणाल्या, 'अगं बाई, सरबतच प्यायचं तर मी खालीच नसते का प्यायले? तुमचा भाऊ कुठाय?' तुझी भाची रोज विचारायची, मामा कधी येणार. मग विचारायची थांबली. ते मला जास्त लागलं. तेव्हा यंदा मी ठरवलं, की तू दर उन्हाळ्यात करायचास ती गोठलेली वाईन या घरात होणार, आणि ती मी करणार.

हसू नकोस. आधी तुझ्या पद्धतीनं केली, अगदी जशीच्या तशी. हॉटेलच्या बारवरच्या नोकरीतून तू ही विद्या आणलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण बघत सगळं होते. गुलाबी वाईन खोल डब्यात न ओतता पसरट ताटलीत ओतायची. स्ट्रॉबेरीचे देठ काढून, पुसून कोरड्या करून वेगळ्या गोठवायच्या. वरून बर्फ घालायचा नाही, कारण बर्फ वितळला की चवीचं पाणी होतं. साखरेचा पाक जिभेला जरा जास्त वाटेल इतका घालायचा, कारण गार झाल्यावर गोडी मरते. लिंबू सगळ्यात शेवटी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गच्चीवर वायर ओढायची, लोकांसमोर मिक्सर फिरवायचा आणि फ्रीजमधले ग्लास ऐन वेळी बाहेर काढायचे. तुझी भाची म्हणाली, 'आई, चव मामासारखी आहे, फक्त तू हसत नाहीस करताना.' मी म्हटलं, चवीशी मतलब ठेव. आणि एक सांगते. ताटलीतली वाईन कशी मऊ, चमच्यानं उचलता येईल अशी राहते, याचं श्रेय इतकी वर्षं तू स्वतःकडे घेत होतास. 'ताई, हाताला गुण असावा लागतो.' कसला गुण? वाईनमधलं अल्कोहोल तिला पुरती गोठू देत नाही, एवढीच गोष्ट. आयुष्य प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात घालवलेल्या बाईला तू फसवत होतास, आणि मी कौतुकानं बघत होते!

तर ती एकदा जमली. खात्री झाली. मग मी ती बंद केली आणि वाईनशिवाय करायला घेतली.

का, असं सगळे विचारणार हे ठाऊक होतंच. माझं उत्तर तयार होतं. तुझ्या दाजींना नव्या गोळ्या सुरू झाल्यात, त्यांच्यावर वाईन चालत नाही, आणि घरातल्या एका माणसानं आशाळभूतासारखं बघत बसायचं नि बाकीच्यांनी प्यायचं, हे मला चालणार नाही. माझ्या आवाजात सांगितलं की लोक सहसा पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

पण करायला गेल्यावर कळलं, की ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. काळ्या द्राक्षांचा रस काढला, गाळला, ताटलीत ओतून गोठवला. सकाळी बघते तर दगड. चमचा वाकला, सुरी सरकली. तुकडे पाडून मिक्सरमध्ये घातले, तर मिक्सरनं एक हुंदका दिला, जळका वास आला आणि सगळ्या घरातली वीज गेली. दाजी बंद पडलेल्या पंख्याखालून म्हणाले, 'हे प्यायचं आहे, की भिंतीत बसवायचं आहे?' दुरुस्तीवाल्यानं मिक्सर उघडला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बाई, यात नेमकं काय दळत होता?' मी सांगितलं, द्राक्षं. त्याचा विश्वास बसला नाही.

मग साखर वाढवली. साखरेनंही गोठणं लांबतं, हे मी विसरले नव्हते. पण मऊ होईपर्यंत साखर घातली तर ते खोकल्याचं औषध झालं. तुझ्या भाचीनं एक घोट घेतला आणि मुकाट्यानं चूळ भरली. साखर कमी केली की पुन्हा दगड. बरं, मऊपणाचं एक वेळ जमलं असतं, पण वाईनला जी एक तुरट धार असते, जिच्यामुळे घोट गिळल्यावरही जीभ जागी राहते, ती रसात आणायची कुठून? सिरका घालून पाहिला, वास लोणच्याच्या बरणीसारखा आला. डाळिंबाच्या साली उकळल्या, तो प्रयोग मी एकटीनं चाखून एकटीनं ओतून दिला. शेवटी उत्तर सापडलं ते माझ्याच विसरभोळेपणामुळे. सकाळचा कोरा चहा गाळायचा विसरले, पत्ती तशीच राहिली, आणि दुपारी गार घोट घेतला तर तोंड आवळून आलं. मी तिथंच ओट्यापाशी हसले. दाजी बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी सांडलं.

आता कृती अशी. द्राक्षांचा रस, त्यात कडक, मुद्दाम जास्त मुरवलेला गार कोरा चहा, थोडी साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ. स्ट्रॉबेरी तुझ्याच पद्धतीच्या. ताटली फ्रीजरमध्ये ठेवून विसरायचं नाही. कडेनं गोठायला लागलं की काटाचमच्यानं खरवडायचं, परत ठेवायचं, परत खरवडायचं, आणि असं मिश्रणाचा भुसा होईपर्यंत करत राहायचं. वाईन जे आपणहून करते, ते हिच्या बाबतीत माणसाला उभं राहून करावं लागतं. पण होतं. गुंड्या, खरंच होतं! रंग तर तुझ्या वाईनपेक्षा उजवा आहे.

पहिल्या रविवारी मी गच्चीवर कुणालाच सांगितलं नाही, यात काय आहे आणि काय नाही ते. चाखणाऱ्याला आधी सांगितलं की चाचणी बिघडते, हा प्रयोगशाळेचा नियम आहे. शिंपीणबाईंनी पहिला ग्लास संपवला, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, 'यंदाची जरा जोरदार आहे हं.' दुसऱ्या ग्लासानंतर त्या समोरच्या दंतवैद्यिणीच्या कमरेचं माप सांगायला लागल्या, वर्षागणिक. मग आपल्या नवऱ्याची लग्नातली फजिती सांगितली, जी त्यांनी शेजारात राहून इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. निघताना कठडा धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत गेल्या आणि खालून ओरडून म्हणाल्या, 'माझं डोकं उद्या दुखलं तर तुम्ही जबाबदार!' चहा आणि द्राक्षाचा रस, बाळा. तुझी भाची तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

दुसऱ्या दिवशी तुझ्या भाचीच्या पोटात ते गुपित राहिलं नाही. शिंपीणबाई तडक वर आल्या, कमरेवर हात ठेवून. मी दाजींच्या गोळ्यांचं कारण सांगितलं. त्यांनी कमरेवरचे हात खाली घेतले आणि म्हणाल्या, 'मला पहिल्या घोटालाच कळलं होतं. तुमचं मन मोडू नये म्हणून बोलले नाही.' पडले तरी नाक वर! पण बाई मनानं चांगली आहे. संध्याकाळी दाजी भाजी घेऊन येताना जिन्यात भेटले, तर त्यांची पिशवी हातातून काढून घेतली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'भावजी, तुम्ही आता ओझं उचलू नका.' दाजी वर आले, चपला काढल्या, पंख्याखाली बसले आणि शांतपणे विचारलं, 'मला काय झालंय?'

स्वतःच्या आजाराची बातमी त्यांना शेजारणीकडून कळली. कारण गोळ्या कसल्या आणि काय कसलं? सकाळची रक्तदाबाची एक, ती तर ते कैक वर्षं घेतात आणि वर खुशाल ग्लासही घेतात. मी म्हटलं, तुम्हाला काही झालेलं नाही, पण उन्हाळाभर झालंय असं म्हणायचं आहे. कारण विचारू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला. 'बरं,' म्हणाले, 'पण जरा भारदस्त काहीतरी सांगायचंस. नुसत्या गोळ्या म्हणजे फारच किरकोळ वाटतं.' तेव्हापासून शिंपीणबाई दिसल्या की ते कठड्याला टेकून एक उसासा टाकतात. फार आवडलंय त्यांना आजारपण. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या माणसाचं मला नवल वाटतं. कपाटातली शेवटची बाटलीही त्यांनीच दंतवैद्यिणीला देऊन टाकली, आणि पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझ्या भाचीलाही नाही. तुला मात्र सांगते.

हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू धावत आला होतास. येताना नेहमीसारखी बाटली आणलीस, त्यांचा ग्लास भरलास, तुझाही भरलास आणि बाल्कनीत बसलास. दुसऱ्या दिवशी मी पुदिन्याला पाणी घालायला गेले, तर कुंडीतली माती लालसर झाली होती. मी तिचा वास घेतला, तो आंबूस होता. गुंड्या, वाईन कुंडीत ओतून रिकामा ग्लास हातात फिरवत बसायचं, तेही माझ्या घरात! पण मला आधी आठवलं ते वेगळंच. आदल्या संध्याकाळी तू दाजींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होतास आणि तुझा हात जराही हलत नव्हता. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यांत गच्चीवर ग्लास भरताना तो हलायचा. तेव्हा मला सगळं उमगलं. बार सोडून तू पहाटेच्या बेकरीत का गेलास, रजा का मिळत नाही, आणि लोक आग्रह करतील त्या गच्चीकडे यायची तुला धास्ती का वाटते, तेही. तू सांगितलं नाहीस, मी विचारणार नाही, आणि हे पत्र वाचल्यावर त्यावर फोन करून काही बोलायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेव. या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर सगळ्यांच्या हातात एकसारखाच ग्लास असेल. तुला वेगळं काही मागावं लागणार नाही, लपवावं लागणार नाही, ओतून द्यावं लागणार नाही. 'घे रे एक, त्यानं काय होतं' असं म्हणायला कुणाकडे काही नसेलच. आजारी दाजी आहेत, तू नाहीस. तेव्हा कुठल्या रविवारी येतोस ते कळव. 'बघतो' हे उत्तर मी स्वीकारत नाही. बेकरीच्या मालकाला काय सांगायचं ते सुचत नसेल, तर मला विचार. थापा कशा माराव्यात हे मी आता शिकले आहे. तपशील कमी द्यायचा.

तुझीच,
ताई