जेवढे मिस, तेवढे फटके

३ नोव्हेंबर, सोमवार

अकरा मिस. अकरा फटके.

दोरीउडीची दोरी दुमडून घेतो दादा. पायांवर मारत नाही — मॅचला शॉर्ट्स असतात ना, दिसेल! पाठीवर मारतो. आज सातव्या फटक्याला कातडी फुटली. टी-शर्ट चिकटलाय. पालथी पडून लिहितेय.

चार वर्षं झाली याला. प्रीतमदादा जिल्ह्याकडून बास्केटबॉल खेळायचा. आमच्या चिखलोलीत तसा शूटर परत झाला नाही, असं लोक अजून बोलतात. बाईक घसरली, उजवा गुडघा गेला, खेळ संपला. मग त्याने अंगणात माझ्यासाठी बास्केटचा पोल ठोकला. मी सतरा वर्षांची होते. केवढी नाचले होते! बॉल बोटांच्या पेरांवर धरायचा, तळवा टेकवायचा नाही, शेवटी मनगट खाली मोडायचं — सगळं त्यानेच शिकवलं. मार खायलाही त्यानेच शिकवलं.

"कोपर बाहेर जातं तुझं! भेजा आहे का भुसा?"

आई ओटीवर सुकट निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उल्हासनगरला प्रॅक्टिस. आमच्या कोच संजीवनी मॅडम, त्यांनी आज माझा व्हिडिओ काढला. समोर कोणी नसताना पन्नासात बेचाळीस. मग आमच्या टीमच्या उन्नतीला माझ्यासमोर हात वर करून उभं केलं. पन्नासात तेरा!!

मॅडमनी व्हिडिओ स्लो करून दाखवला. "कोपर बघ. सरळ रिमच्या रेषेत आहे. मनगट पण मस्त. आता डोळे बघ."

उन्नतीचा हात वर आला की माझे डोळे गच्च मिटतात. बॉल हातातून सुटेपर्यंत मिटलेलेच. प्रत्येक वेळी!

"अगं, आंधळी कोशिंबीर खेळतेस काय?" मॅडम हसल्या. मी पण हसले.

घरी येताना रिक्षात एकदम लक्षात आलं. माझं कोपर बरोबर आहे. म्हणजे चार वर्षं तो मला अशा चुकीसाठी मारतोय, जी मी करतच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लीगची मॅच. एका पॉइंटने हरलो. शेवटचे दोन फ्री थ्रो माझे होते. दोन्ही बाहेर. फ्री थ्रोला तर समोर कोणी हात पण वर करत नाही! पण दादा कोर्टाबाहेरच्या जाळीला धरून ओरडत होता, "कोपर! कोपर!" मला रिम दिसतच नव्हती. नुसता त्याचा आवाज होता.

घरी आल्यावर दोरी शोधली नाही त्याने. केस धरले आणि पोलवर डोकं आपटलं. परत आपटलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलंय. मग स्वतःच बर्फ घेऊन आला, स्वतःच लावला. "तुझ्यासाठीच करतो ना मी? मला काय भेटतं यातून?" आवाज इतका मऊ. मी म्हणाले, "हो दादा."

का म्हणाले मी असं?

आई जेवायला वाढताना — "त्याचा पाय गेला ना पोरी, म्हनून राग डोक्यान जातो. तू गप ऱ्हा."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज लाज निघाली.

डोळे उघडे ठेवायची सवय लागावी म्हणून मॅडम माझ्या तोंडासमोर टॉवेल हलवणार होत्या. त्यांनी हात वर केला — आणि मी जमिनीवर! डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात डोक्यावर. कधी बसले ते कळलंच नाही. बॉल घरंगळत पार भिंतीपर्यंत गेला.

मॅडमनी सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"कोण मारतं?"

"पडले मी."

"जिज्ञासा, पडलेलं माणूस असं बसत नाही."

नाव नाही सांगितलं. वळले आणि पाठीवरून टी-शर्ट वर केला. तेवढंच जमलं.

मॅडमनी टी-शर्ट हलक्या हाताने खाली केला. मग — "अंबरनाथला मी एकटीच राहते. कधी पण ये. फोन करून विचारत बसू नकोस. आणि पोलिसांकडे जायचं असेल तर मी सोबत आहे." मी मान हलवली, नको. "बरं. मग आता उठ. टॉवेल मी लांबूनच हलवते. तू नुसती बघत राहा."

दोनशे वेळा बघितला तो टॉवेल. डोळ्यांतून पाणी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हात समोर असताना पन्नासात एकोणीस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एकतीस!!

तीन टप्पे. एक श्वास. रिमची मागची कडा. सोडला. बस, मध्ये दुसरं काही नाही. मॅडम म्हणतात, ओरडणारे ओरडणार, त्यांना गप्प करायला जाऊ नकोस. आपण काय बघायचं ते आपण आधीच ठरवून ठेवायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दादाला व्हिडिओ दाखवला. वाटलं, खूश होईल. खेळ कळतो त्याला! म्हणाले, "बघ ना, कोपर बरोबर आहे माझं. प्रॉब्लेम डोळ्यांचा होता."

त्याने पूर्ण बघितला. मोबाईल हळूच बाजूला ठेवला. "म्हणजे मी येडा? चार वर्षं मी झक मारली?"

मग माझ्या डाव्या हाताची करंगळी धरली आणि मागे वाकवायला लागला. हळूहळू. किती जाते ते बघत होता. मी ओरडले, आईला हाक मारली. कट्ट आवाज झाला.

"रडू नको. शूटिंगचा हात उजवा आहे. खेळशील."

२३ नोव्हेंबर, रविवार

उजव्या हाताने लिहिता येतंय. सगळं लिहून ठेवते.

सेमी फायनल. करंगळी शेजारच्या बोटाला बांधून खेळले. समोरच्या टीमची मनाली, नऊ नंबर, तिचं कोपर पहिल्याच मिनिटाला माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. रक्त थुंकले आणि खेळले. तिसऱ्या वेळी मी पण खांदा असा घातला की ती दोन हात लांब जाऊन पडली. फाऊल. बरं वाटलं!

शेवटची चार सेकंद. आम्ही एकाने मागे. मला दोन फ्री थ्रो. दादा जाळीवर बुक्क्या मारतोय, "कोपर! कोपर!"

तीन टप्पे. श्वास. मागची कडा.

गेला.

परत तीन टप्पे.

गेला!!

सगळ्या अंगावर पडल्या. दादा आत धावत आला, मला उचललं, रडत होता. "माझी बहीण! मी शिकवली!" मला पण रडू आलं. खोटं का लिहू — त्या क्षणी मला फक्त तोच हवा होता.

मग पार्किंगमध्ये, सगळ्या पोरींसमोर — "पहिल्या हाफमध्ये सहा मिस. विसरलीस?" आणि हात उगारला.

मी डोळे मिटले नाहीत. पूर्ण हात येताना बघितला. त्याचं तोंड बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, मारताना तो रागात असेल, आतून तुटत असेल. तसं काहीच नव्हतं. तोंड शांत होतं. अंघोळ करून आल्यासारखं.

थोबाडीत बसली. मी लाथ घातली. त्याच्या उजव्या गुडघ्यावर. तो कोसळला, किंचाळला. मी परत तिथेच घातली. आणि परत. "सहा!" म्हणून ओरडत होते म्हणे मी. मला आठवत नाही. उन्नती आणि मॅडमनी मला ओढून काढलं, नाहीतर थांबले नसते.

अंबरनाथ. मॅडमच्या घरी आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

करंगळीला प्लास्टर. फायनल येत्या रविवारी. मॅडम म्हणाल्या, खेळायचं की नाही ते तू ठरव. पोलिसांचं पण.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन. "मोडक्या पायावर मारलास? सख्खा भाव हाय तुझा! घरी ये, पाय धर त्याचे."

"आई, त्याने माझं बोट मोडलं. तू घरातच होतीस."

मागून दादाचा आवाज आला, कोणाशी बोलतेस म्हणून. मग काहीतरी पडल्याचा आवाज. फोन बंद.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आई फोन उचलत नाही. दोन दिवस झाले.

३० नोव्हेंबर, रविवार

खेळायचं ठरवलं होतं. फायनलला निघत होतो, तेवढ्यात बदलापूरहून पोलिसांचा फोन. आईने सकाळी दादाच्या डोक्यात वरवंटा घातला. वाचलाय. आई स्वतः चालत पोलीस स्टेशनला गेली. तिचा डावा हात मोडलेला आहे, बुधवारपासून. मुलाविरुद्ध तक्रार लिहून घ्या म्हणते, आणि आधी मुलीच्या चार वर्षांची लिहा म्हणते. तारखा तोंडपाठ आहेत तिला.

मॅडम चपला घालतायत. मी युनिफॉर्ममध्येच आईकडे निघाले.