वजाची खूण

प्रिय ताई,

आधीच माफी मागते, शुद्धलेखन बघू नकोस. नववीत शाळा सोडली की असंच होतं. आणि एका बोटाने टाइप करते, म्हणून एवढंसं लिहायला अख्खी दुपार गेली.

तू बरी आहेस ना? आईचे गुडघे तसेच. कारखान्यात चष्म्याच्या ऑर्डरी भरायला तू बनवलेलं कॉम्प्युटरवरचं पान अजून चालतंय. सगळे त्याला म्हातारं म्हणतात, पण त्याच्याशिवाय काम हलत नाही. जुना ब्राउझर बंद झाला, आता नवा आलाय. त्यात तुझं पान जुन्या पद्धतीने उघडायची सोय आहे, पण ती तीसच दिवस टिकते. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन पानाचा पत्ता परत घालायचा. ते काम माझं. कॅलेंडरवर गोल करून ठेवते.

या वेळी तीन कॉम्प्युटरवर घातला. चौथा खिडकीजवळचा. तिथे तो सारखा शिट्ट्या मारणारा पोरगा बसतो, मला बघितलं की 'आली बघा मुकी मैना' म्हणतो आणि सगळे हसतात. जरा उठता का, एवढंच म्हणायचं होतं गं. नाही जमलं. म्हटलं, तो जेवायला गेला की घालू. आणि विसरले.

पत्ता घातला नाही की पान नव्या पद्धतीने उघडतं. दिसतं तसंच. पण चष्म्याच्या नंबराआधी वजा निवडलं, तरी सेव्ह होताना अधिक होतं. तेवीस जणांच्या काचा उलट्या नंबराच्या गेल्या. एक आजोबा नवा चष्मा लावून आमच्याच दारावर आपटले. मालकीणबाईंनी काचा घासणाऱ्या काकांना धरलं. म्हणाल्या, तुम्हाला आता ऑर्डरच्या चिठ्ठीवरची खूण दिसत नाही, घरी बसा. काकांनी चिठ्ठीवर छापून आलं तेच घासलं होतं. पण तेही गोंधळलेत. काल हात डोळ्यांसमोर धरून मला विचारत होते, पोरी, खरंच मला दिसत नाही का गं? मी मान खाली घातली. ताई, मी मान खाली घातली.

तीनदा बाईंच्या केबिनपर्यंत गेले. तीनदा पाणी हवंय का विचारून परत आले. शनिवार काकांचा शेवटचा दिवस आहे.

म्हणून लिहितेय. तू बाईंना फोन करू नकोस, त्यांना वाटेल पान बिघडलं, झालं. चूक माझी आहे, ती मलाच सांगायचीय. तू फक्त चार ओळी लिहून पाठव, बोलायला सुरुवात कशी करायची ते. मी कागद समोर धरून वाचेन, मग कोणी हसलं तरी हसू दे. पण शुक्रवारच्या आत पाठव गं, पाया पडते.

तुझीच,
मुकी

आणि हो, तुझी लाल छत्री सापडली. कपाटामागेच होती. आपण उगाच दोन वर्षं शेजारच्या काकूंशी बोललो नाही.