वर्तन उत्तम, सूट नामंजूर

१४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
नेमक्या या वेळी जेलरबाई पालमारेस यांनी सांगितलं की सप्टेंबरच्या चांगल्या वर्तनाची शिक्षेतली सूट मला मिळणार नाही. मला! नन्सच्या हाताखाली शिकलेली, इलोइलो शहरातल्या निम्म्या बायकांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी. गुन्हा काय, तर नोटीस बोर्डावरच्या चुका लाल पेनाने सुधारल्या. मुळात आत आले तीही वस्तीप्रमुखाला फेसबुकवर चोर म्हटलं म्हणून. स्पेलिंग अचूक होतं.

नाताळाआधी सुटलंच पाहिजे. थोरली बहीण, मानांग फेलिसा, घरी एकटी. तिला दिसत नाही. शेजारीण जेवण देते, आठवण झाली तर.

आजपासून तोंड बंद.

१५ ऑक्टोबर
दुपारपर्यंत बंद होतं. मग फादरनी प्रवचन लांबवलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

२० ऑक्टोबर
इतर कैद्यांना शिकवलं की जादा सूट! आमच्या कोठडीची म्होरकी मर्ली (हिला सगळ्या मेयोरा म्हणतात) म्हणाली, "शिकवा मॅम. तेवढा वेळ तरी आमच्या चुका काढणार नाही." शिकवणं म्हणजे काय, बिचारीला कल्पना नाही.

२ नोव्हेंबर
वर्गात सगळ्या आपली इथली हिलिगायनोन भाषाच बोलतात. कॉन्व्हेंटचा नियम लावला: मातृभाषेत बोलाल तर दंड. आम्ही नाणं द्यायचो. इथे नाणी नाहीत, म्हणून कॉफीची पुडी. एक शब्द, एक पुडी.

जेनालिन कुरकुरली, "मॅम, मी नुसतं 'आई गं' म्हटलं. ढेकूण चावला!"

दोन शब्द. दोन पुड्या.

१८ नोव्हेंबर
अफाट प्रगती. वर्गात आता कुणी अवाक्षर काढत नाही. पुड्या गादीखाली मावेनात. नाताळच्या पार्टीसाठी आहेत. एखाददुसरी मी घेते, घसा बसतो.

२९ नोव्हेंबर
झडती. गादी उचलली. जेलरबाई म्हणाल्या, "मॅम, या वयात वसुली?"

मी शांतपणे सांगितलं, हा दंड आहे, नन्स आमच्याकडूनही घ्यायच्या.

"मग त्यांनाही आत आणू का?"

हे शेवटचं वाक्य त्या हिलिगायनोनमध्ये बोलल्या. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "पाच पुड्या."

१ डिसेंबर
शिकवण्याची सूट रद्द. आधी मिळालेलीही गेली. सुटका आता ईस्टरनंतर.

मर्ली शेजारी येऊन बसली. म्हणाली, "माझी लेक तुमच्याच वस्तीत राहते. मानांगना रोज भात-मासळी नेऊन देईल. रडू नका."

रडत नव्हते. ती हिलिगायनोनमध्ये बोलली. दंड केला नाही.

२ डिसेंबर
जेलरबाईंना अर्ज दिला. दंड आणि वसुली यांतला फरक त्यांनी स्पष्ट करावा. लेखी उत्तर २४ डिसेंबर, दुपारी बारापूर्वी मिळावं. इंग्रजीत. मी कोठडीतच असेन.